न धुतलेलं आत नाही

संस्थेत काचबाईंचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं. शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे तोंडावर ‘मॅडम’ म्हणायचे आणि पाठ वळली की ‘काचबाई’. बाईंना हे ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. माणसाला त्याच्या कामाचं नाव मिळणं ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. नाहीतर लोक नाकाडोळ्यांवरूनही नावं ठेवतात.

त्यांच्या विभागात, इमारतीच्या पोटात, तीन मजले उंच लोखंडी सांगाडा उभा होता. सगळ्यात वर भट्टी. तिच्यात मनगटाएवढा जाड काचेचा दांडा हळूहळू सोडायचा. तो तापून मऊ झाला की त्याच्या टोकाला थेंब धरतो, थेंब जड होऊन खाली निघतो आणि आपल्यामागे धागा सोडत येतो, केसाएवढा बारीक. तळमजल्यावर तो चाकावर गुंडाळून घेतला की झाला प्रकाशतंतू. या टोकाला दिवा धरा, त्या टोकाला उजेड. बाईंच्या तंतूंमधून डॉक्टर लोक माणसाच्या जठरात डोकावत, आणि बाईंना त्या प्रत्येक जठराचा अभिमान वाटे.

पाहुणे आले की बाई सांगाड्याच्या खांबावर तळहात ठेवायच्या आणि म्हणायच्या, “हा माझा टॉवर.” संस्थेचा नव्हे, विभागाचा नव्हे, माझा. तो हात आणि ते वाक्य इतकं ठरलेलं होतं की संचालक पाहुण्यांना जिन्यातच कानात सांगून ठेवत, “आता मॅडम खांबाला हात लावतील बघा.” आणि बाई लावायच्या.

त्यांची स्वच्छता तर दंतकथाच झाली होती. पण त्यामागे वेड नव्हतं, विद्या होती. काच मुळात पोलादाला लाजवील इतकी बळकट असते. तिला मारतो तो ओरखडा. डोळ्याला न दिसणारा धुळीचा कण धाग्याला घासून गेला की तिथे चीर पडते, आणि धागा वाकवला की ती चीर आरपार धावते. टिक्, आणि एकाचे दोन. म्हणून बाईंच्या खोलीत टोपी, हातमोजे, बुटांवर पिशव्या. आणि मोजायला आलेली काच कुणाचीही असो, आधी रात्रभर गरम, कडक आम्लात. दारावर बाईंच्या हातची पाटी होती, ‘न धुतलेलं आत नाही.’ एकदा खुद्द संचालक हातात चहाचा कप घेऊन आत निघाले तर बाईंनी नुसतं पाटीकडे बोट दाखवलं.

“अहो मॅडम, मी सकाळीच आंघोळ केली आहे.”

“तुम्ही केली आहे. कपाने केली आहे का?” बाई म्हणाल्या. संचालकांनी चहा जिन्यात संपवला.

घरीही तीच तऱ्हा. बाईंचा मुलगा मित्रांना सांगायचा, “आमच्याकडे झुरळ आलं तरी पाय पुसून येतं.” वडील लवकर गेल्यामुळे त्याला आईनेच वाढवलं होतं आणि बहुधा रोज धुऊन वाळतही घातलं असावं. कारण तो मोठेपणी पोहायला शिकवणारा झाला. दिवसाचा अर्धा वेळ पाण्यात. बाईंची काही तक्रार नव्हती.

तर अशा घरात सून आली, ती समुद्राच्या तळाचा गाळ घेऊन.

ती खोल पाण्यातल्या जीवांवर संशोधन करणारी. बुडी मारायला शिकावं म्हणून मुलाच्या वर्गात आली, आणि “बुडी मारायला ती आली आणि बुडाला हा,” असं बाई म्हणत. मुलगी हुशार, हसरी, बोलायला मोकळी. नाव ठेवायला जागा नव्हती. फक्त ती स्पंजवर काम करत होती. भांडी घासायच्या नव्हे. समुद्राच्या तळाशी चिखलात रोवून राहणारा, स्पंज नावाचा जिवंत प्राणी असतो, त्याच्यावर. पण बाईंनी ऐकताक्षणी मैत्रिणीला फोन केला, “माझी होणारी सून घासणीवर डॉक्टरेट करते आहे.”

पहिल्यांदा घरी आली तेव्हा सुनेने भेट म्हणून एक काचेची बरणी आणली होती. आत हातभर लांबीच्या पिवळट तंतूंचा झुपका. बुडाशी वाळलेला चिखलसुद्धा तसाच.

“आई, ही काच आहे,” ती उत्साहाने म्हणाली. तिला वाटलं, काचेच्या माणसाला याहून चांगली भेट ती काय असणार! “हा प्राणी ती स्वतः विणतो. बर्फासारख्या थंड पाण्यात. भट्टीबिट्टी काही लागत नाही. यातून उजेडही जातो, तुमच्या तंतूंसारखा. आणि वाकते कितीतरी जास्त.”

कितीतरी जास्त. कोणापेक्षा, हे पोरीने सांगितलं नव्हतं, पण ते कळायला काचबाईंना कोणी शिकवायला नको होतं. शल्यविशारद त्यांच्या मागे कधीचे लागले होते की शरीरात खूप आखूड वळण घेईल असा तंतू हवा, आणि बाईंचा तंतू नेमक्या त्या वळणावर मान टाकत होता. दुखऱ्या जागेवर बोट ठेवायचं तर ते असं, पहिल्याच भेटीत, हसत हसत.

“हे धुतलं नाहीस का गं?” बाईंनी एवढंच विचारलं. आणि बरणी स्वयंपाकघरातल्या उंच कपाटावर गेली. पार मागे, भिंतीला टेकून.

पुढे लग्न झालं, आणि पुढे सुनेला नोकरी लागली तीही त्याच संस्थेत, पलीकडच्या जीवशास्त्राच्या इमारतीत. स्वतःच्या गुणांवर लागली. बाई तर निवड चालू असताना मुद्दाम रजा टाकून बसल्या होत्या. पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? म्हणून पहिल्याच दिवशी बाईंनी सुनेला बजावलं, “फाटकाच्या आत मी तुझी सासू नाही आणि तू माझी सून नाहीस. मॅडम म्हणायचं. डब्यातली भाजी एकमेकींना द्यायची नाही.” सुनेने मान डोलावली. संचालकांपासून माळ्यापर्यंत सगळ्यांना दोघींचं नातं माहीत होतं, आणि ते कोणीही उच्चारायचं नाही हेही माहीत होतं.

घरी मात्र दोघींचं बरं जमे. काच सोडून कुठल्याही विषयावर.

सुनेने वर्षानुवर्षं खपून एक दावा मांडला होता. तिचं म्हणणं असं की हा तंतू कांद्यासारखा आहे, काचेच्या पापुद्र्यावर पापुद्रा. आणि दर दोन पापुद्र्यांच्या मध्ये प्रोटीनचा, म्हणजे त्या प्राण्याच्या अंगच्याच चिकट रसाचा, एक अतिशय पातळ पडदा आहे. तंतू वाकतो तो त्या पडद्यांमुळे. स्वतः जुळवलेल्या साध्या यंत्रावर तिने ते मोजलंही होतं. पण आता बाहेरची तज्ज्ञ समिती येणार होती. तिचं काम पुढे चालायचं की तिथेच आवरायचं ते समिती ठरवणार, आणि समितीने आधीच कळवलं होतं की घरगुती यंत्रावरचे आकडे चालणार नाहीत, नावाजलेल्या प्रयोगशाळेत मोजून आणा. काम आवरलं तर खोली जाणार, नोकरी जाणार, आणि हे शहरही सुटणार, कारण असलं काम करणारी दुसरी जागा बोटीच्या प्रवासाइतकी लांब होती. मुलगाही अर्थात तिच्याबरोबर जाणार.

आणि नावाजलेली प्रयोगशाळा? सबंध प्रदेशात एकच. काचबाईंची.

मुलाची अवस्था इकडे आड तिकडे विहीर. “आई, नीट मोज हं,” तो म्हणाला.

“म्हणजे? मी वाईट कधी मोजते?”

“तसं नाही गं…”

“तिच्या बाजूने मोजू का? की तिच्याविरुद्ध? यंत्राला सासू-सून कळत नाही.”

सून तंतू घेऊन आली, नमस्कार केला, “मॅडम, नमुने” म्हणाली, टेबलावर ठेवले आणि लगेच निघून गेली. मुद्दामच. कोणी म्हणायला नको की मोजताना ती डोक्यावर उभी होती. बाईंना ते फार आवडलं. मग त्यांनी नमुने प्रेमाने, अगदी स्वतःच्या हाताने, रात्रभर आम्लात ठेवले. सकाळी तंतू असे झळकत होते की बघत राहावं.

मोजायची रीत साधी होती. समोरासमोर दोन पोलादी पट्ट्या. मध्ये तंतू घोड्याच्या नालेसारखा वाकवून बसवायचा आणि स्क्रू फिरवत पट्ट्या जवळ आणायच्या. तंतू कुठे तुटतो ते पाहायचं. सुनेचा पहिला तंतू पट्ट्या पुरत्या सरकायच्या आत तुटला. दुसराही. सगळेच. साधी काच तुटते तिथे, किंबहुना थोडे आधीच.

खोटं कशाला बोला, बाईंच्या मनात पहिल्यांदा काय आलं? त्यांना बरं वाटलं. भट्टीशिवाय काच म्हणे! आणि लगेच त्या बऱ्या वाटण्याची त्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी हातमोजे काढून हात धुतले, मग पुन्हा धुतले. आकडे जसे होते तसे त्यांनी जीवशास्त्राकडे पाठवून दिले. तंतू धुतले होते हे त्यात नव्हतं. चहाच्या कृतीत ‘पातेलं घासून घ्या’ असं कोणी सांगतं का? आणि सुनेनेही विचारलं नाही, कारण तिच्या इमारतीत नमुना धुणं म्हणजे पाप. तिथे मळ हाच माल. काचवाल्यांना धुणं सांगावंसं वाटत नाही आणि जीववाल्यांना धुण्याची शंका येत नाही, त्यामुळे घोळ झाला तो कुणाच्या लक्षात येण्यासारखा नव्हताच.

त्या संध्याकाळी सून जेवताना म्हणाली, “माझं यंत्रच चुकीचं होतं बहुतेक.” आवाज नेहमीसारखा होता, पण तिने भाताचे डोंगर केले, पाडले आणि तसेच टाकून उठली.

“यंत्र नाही चुकत,” बाई म्हणाल्या. त्यांना धीर द्यायचा होता, आणि तोंडातून भलतंच निघालं. मुलाने आईकडे असं पाहिलं की बाईंनी पाण्याचा पेला उचलून रिकामाच तोंडाला लावला.

नंतरचे दिवस घरात सगळे हळू बोलत होते. सून समितीसमोर दावा मागे घेणार होती. बाईंनी एकदा न राहवून विचारलं, “भांडत का नाहीस? माझ्या आकड्यांवर शंका घे की.”

“तुमच्या आकड्यांवर?” सून खरोखरच चकित झाली. “आई, मी शाळेत असल्यापासून तुमचे निबंध वाचत आले आहे. काच म्हणजे काय हे मी तुमच्याकडून शिकले. तुम्ही मोजलं म्हणजे मोजलं.”

ती रात्र बाईंना जड गेली. पोरीने बरणी आणली होती ती टोचायला नव्हे, हे इतक्या वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं, आणि आता त्याचा काही उपयोग नव्हता.

समितीच्या दिवशी सून लवकर निघून गेली. बाईंना सभेचं बोलावणं नव्हतं. मन थाऱ्यावर नसलं की बाई सफाई काढत, पण त्या घरात पुसायला उरलं काय होतं? उरला होता फक्त उंच कपाटाचा माथा. बाई स्टुलावर चढल्या, हात लांबवला आणि हाताला बरणी लागली. झाकण केव्हाच निखळून मागे पडलेलं. तंतूंवर धुळीची साय. घरातली ही एकच वस्तू, जिला बाईंनी आजवर फडकं लावलं नव्हतं.

“घासूनच ठेवते,” त्या पुटपुटल्या, “तेवढं तरी करते.” त्यांनी झुपका मोरीशी नेला. एक तंतू नळाच्या चोचीत अडकला आणि झुपका ओढला गेला तसा नळाभोवती गर्रकन वळला. किती आखूड वळण! बाईंनी सवयीने डोळे मिटले आणि ‘टिक्’ ची वाट पाहिली.

टिक् झालं नाही.

बाईंनी डोळे उघडले. तंतू सोडवला. तो सरळ झाला, काही घडलंच नाही असा. मग त्यांनी तो आपल्या करंगळीला गुंडाळला, एक वेढा, दुसरा वेढा. धूळ बोटांना करकरत होती. धुळीने भरलेली, ओरखडलेली, वर्षानुवर्षं उघडी पडलेली काच, आणि वाकते आहे! बाईंनी एक टोक खिडकीकडे धरलं. करंगळीच्या दोन वेढ्यांमधून फिरून दुसऱ्या टोकाला उजेडाचा ठिपका उभा होता.

डाव्या हाताने त्या नळ सोडणार होत्या. साबण जवळच होता. हात नळावरच राहिला.

धुतले. मी धुतले. प्रोटीनचे पडदे, आणि मी रात्रभर आम्ल पाजलं. पापुद्र्यांमधला सगळा रस आम्लाने खाऊन टाकला आणि उरली ती नुसती काच, एकावर एक रचलेली, कशानेही न बांधलेली. ती तुटणार नाही तर काय? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे तर कळसा डोक्यावर होता आणि बाई त्याच्याखाली उभ्या राहून रोज स्वयंपाक करत होत्या.

“गाडी काढ!” बाई ओरडल्या.

मुलगा ओल्या केसांनी बाहेर आला. “काय झालं? कुठे लागलं का?”

“लागलं. जिथे लागायला हवं तिथे लागलं. चल.”

“आई, अगं तुझ्या खांद्यावर फडकं आहे. आणि ही धूळ गाडीत…”

“चालव म्हटलं ना!”

मुलाने आयुष्यात पहिल्यांदा आईला धूळ मांडीवर घेऊन बसलेलं पाहिलं. त्याने गाडी सुरू केली.

सभागृहात सून उभी होती. समितीचे अध्यक्ष हाडांचे म्हातारे डॉक्टर होते, दूरवरून आलेले, कानामागे हात धरून ऐकणारे. शेजारी संचालक खाली मान घालून बसलेले. सून म्हणत होती, “नावाजलेल्या प्रयोगशाळेतल्या मोजमापात माझ्या दाव्याला आधार मिळाला नाही. त्यामुळे हा दावा मी…”

“थांब!”

सगळ्यांनी मागे पाहिलं. दारात काचबाई. घरातली साडी, खांद्यावर फडकं, हातात बरणी.

“मोजमाप चुकलं आहे,” बाई म्हणाल्या. धाप लागली होती, पण शब्द एकेक मोजून येत होता. “यंत्र बरोबर होतं. आकडे बरोबर होते. चुकले मी. मी तंतू धुतले.”

सभागृहाला काही उमगलं नाही. धुणं ही चूक कशी? ज्या बाईंनी संचालकांना चहा जिन्यात प्यायला लावला, त्यांच्या तोंडी तर नाहीच. पण सुनेचा चेहरा पालटला.

“कशात?” तिने विचारलं.

“गरम आम्लात. रात्रभर.”

“मॅडम! पडदे प्रोटीनचे आहेत!”

“ते आज सकाळी मोरीवर कळलं.”

“मग तुम्ही मला सांगितलं का नाही, की धुतलेत म्हणून?”

“तू विचारलं का नाहीस? आणि ठेवून पळालीस कशाला?”

अध्यक्ष खदखदून हसायला लागले. “अहो, हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी दाखवतो! हाडातले प्रोटीनचे तंतू काढून टाका, हाडाचा खडू होतो. बोटाने मोडा. दिसायला मात्र पांढरंशुभ्र, अगदी सुंदर.” मग हसू आवरून म्हणाले, “पण बाई, तोंडी सांगून समितीचं समाधान होत नाही.”

“होऊही नये,” बाई म्हणाल्या. “चला. स्क्रू तुम्हीच फिरवा.”

जिन्यात संचालक अध्यक्षांच्या कानाशी लागले, “खाली टॉवर आहे. आता मॅडम खांबाला हात लावतील बघा.” सवय काही जात नाही.

वाकवायचं यंत्र टॉवरच्या पायथ्याशीच, काचेच्या भिंतीपलीकडच्या खोलीत होतं. पाटीखाली बाई क्षणभर थांबल्या. मग फडक्यासकट, बरणीसकट, धुळीसकट आत गेल्या. संचालकांनी आपले बूट काढावेत की नाही ते न कळून एकच काढला.

बाईंनी झुपक्यातला एक तंतू उचलला. फुंकरही मारली नाही. पट्ट्यांमध्ये बसवला, एका टोकाशी लाल दिवा जोडला. दुसऱ्या टोकाला लाल ठिपका उमटला. अध्यक्ष स्क्रू फिरवू लागले.

“इथे धुतलेले तुटले होते,” बाईंनी सांगितलं. पट्ट्या पुढे सरकल्या. ठिपका होता तिथेच.

“इथे साधी काच.” ठिपका होता.

आणि मग खोलीतल्या प्रत्येकाने ऐकलं. टिक्.

सुनेने टेबलाची कड धरली. “गेला?” कोणीतरी विचारलं.

“नाही,” सून म्हणाली. तिचा आवाज चढत होता. “तो फक्त बाहेरचा पापुद्रा. धुळीने ओरखडलेलाच होता तो. चीर आत धावली, पडद्याशी आली आणि थांबली. रसात रुतली. उजेड बघा, आतल्या पापुद्र्यांमधून चाललाच आहे.”

टिक्. दुसरा पापुद्रा. ठिपका लाल, स्थिर. पट्ट्या आणखी जवळ.

बाई यंत्राच्या मोजपट्टीवर डोळे लावून होत्या. पुढची खूण त्यांना पाठ होती. त्या खुणेपलीकडे जाण्यासाठी त्यांनी सगळी उमेद घातली होती, किती भट्ट्या पेटवल्या होत्या आणि किती दांडे वितळवले होते, आणि तिच्यापलीकडे त्यांचा एकही धागा कधी गेला नव्हता. त्या खोलीत हे दुसऱ्या कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. गप्प राहिल्या असत्या तरी चाललं असतं.

“इथे माझा तुटतो,” काचबाई मोठ्याने म्हणाल्या.

अध्यक्षांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, आणि स्क्रू पुढे फिरवला. पट्ट्या त्या खुणेपलीकडे गेल्या, ठिपका होता तिथेच. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं होतं वाईट वाटेल. कुठलं वाईट! छाती भरून आली होती. धुळीला भिऊन त्यांनी आयुष्य काढलं, आणि या पोरीने समुद्राच्या चिखलातून अशी काच शोधून आणली होती जी धुळीला मोजतच नाही. आणि तीही त्यांचेच निबंध वाचून.

अध्यक्षांनी अखेर हात बाजूला घेतला. तंतू तुटला नव्हताच. पट्ट्यांनाच आता आणखी सरकायला जागा उरली नव्हती. “आम्हाला बोलायला काही उरलं नाही,” ते समितीकडे वळून म्हणाले, आणि समितीने माना हलवल्या. “काम चालू राहील. या दोन इमारतींनी मिळून करावं अशी शिफारसही मी करणार आहे. फक्त एक सांगा, इतका धुळीने माखलेला नमुना तुम्ही ठेवता कुठे?” हे त्यांनी सुनेला विचारलं.

सुनेने आत्ता पहिल्यांदा बरणीकडे नीट पाहिलं. बुडाचा वाळलेला चिखल ओळखला. “ही… ही तर मी…” ती बोलता बोलता थांबली. फाटकाच्या आत जे बोलायचं नव्हतं ते ओठांवर आलं होतं. तिने बाईंकडे पाहिलं.

“माझ्या स्वयंपाकघरात होती,” बाई म्हणाल्या. “पहिल्यांदा घरी आली तेव्हा हिने मला भेट दिली होती. मी रुसले आणि कपाटावर टाकून दिली. घरात एवढी एकच वस्तू मी कधी पुसली नाही, म्हणून वाचली.”

“घरी? तुमच्या घरी?” अध्यक्षांनी कानामागे हात धरला. “म्हणजे ही आपली कोण?”

संचालक एका बुटावर उभे राहून छताकडे पाहू लागले. दारापाशी मुलगा, ओल्या केसांचा, श्वास रोखून उभा. सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं आणि कोणाच्याही तोंडून ते निघणार नव्हतं.

काचबाईंचा हात वर गेला. नेहमीसारखाच, तळवा उघडा. टॉवरचा एक खांब या खोलीतूनच वर गेला होता, अगदी हाताच्या अंतरावर. संचालकांनी अध्यक्षांना हळूच कोपराने ढोसलं.

बाईंनी तो हात सुनेच्या खांद्यावर ठेवला.

“ही माझी सून.”